विश्लेषण : घरात चूल बाईची, मग हॉटेलचा भटारखाना पुरुषाचा का?

कोणत्याही मंगल कार्यालयात पंगतीच्या मागे डोकावून पाहा. मुख्य आचारी पुरुष असतो. दर तो ठरवतो, ॲडव्हान्स तो घेतो. पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला मात्र बायका असतात. त्यांचा हिशेब पोळीच्या नगावर किंवा दिवसाच्या रोजावर होतो. पंचतारांकित हॉटेलांतही मुख्य शेफच्या खुर्चीवर बहुतेक वेळा पुरुषच दिसतो. दुसरीकडे, महाराष्ट्रात जेवण विकण्याचा धंदा उभा करण्यात महिलांचा वाटा मोठा आहे. मग नेतृत्व त्यांच्याकडे का आले नाही आणि जिथे आले, तिथे ते कशामुळे?

गिरणगावातील खानावळी कोण चालवत होते?

मुंबईच्या गिरण्यांत काम करणारे हजारो कामगार कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले होते. कुटुंब गावी आणि कामगार मुंबईत भाड्याच्या खोलीत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतल्या बायकांनी केली. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून चूल पेटायची, पाळीनुसार डबे भरले जायचे. जेवणाचे पैसे महिन्याच्या पगारानंतर मिळत. तांदूळ, डाळ आणि रॉकेल मात्र रोज लागे. मधल्या दिवसांसाठी वाण्याची उधारी किंवा सावकाराचे कर्ज हाच पर्याय होता. धंदा चालायचा, पण कमाईचा मोठा भाग व्याजात जायचा. या बायकांना कोणी ‘उद्योजक’ म्हणत नव्हते आणि बँकही दारात उभे करत नव्हती.

‘अन्नपूर्णा’ने नेमके काय बदलले?

गोवा मुक्ती लढ्यात सहभागी झालेल्या आणि नंतर गिरणगावात काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. बायकांना स्वयंपाक शिकवण्याची गरज नव्हती. अडचण खेळत्या भांडवलाची होती. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि छोट्या व्यावसायिकांना कर्ज देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. त्याचा आधार घेत खानावळवाल्यांचे गट करण्यात आले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. सावकाराच्या जागी बँक आली, पासबुक बाईच्या नावावर आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेक खानावळींचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. मंडळाने जेवण पुरवण्याची कामे, प्रशिक्षण आणि पतपुरवठा असा विस्तार केला. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

हॉटेल शिक्षणाची सुरुवात कशी झाली?

देशातील पहिली हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने उभी केली. आज ती दादर येथे आहे. थंगम फिलिप दीर्घकाळ तिच्या प्राचार्य होत्या. व्यावसायिक पाककलेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. म्हणजे या क्षेत्राचे शिक्षण महिलांनी घडवले. ते शिकून बाहेर पडलेल्यांत वरच्या पदांवर पोहोचले ते मुख्यतः पुरुष.

मोठ्या भटारखान्यात महिला मागे का पडतात?

पहिले कारण कामाच्या वेळांचे. हॉटेलात ‘ब्रेक शिफ्ट’ असते : दुपारच्या जेवणासाठी हजर राहायचे, मध्ये काही तास मोकळे आणि पुन्हा रात्री उशिरापर्यंत काम. घरचे दोन वेळचे जेवणही जिला पाहावे लागते, तिला हे वेळापत्रक झेपवणे कठीण जाते.

दुसरे कारण रचनेचे. मोठ्या हॉटेलांतील पदांची उतरंड एकोणिसाव्या शतकात लष्करी शिस्तीच्या धर्तीवर बसवली गेली. त्यात खालून वर चढायला सलग दहा-पंधरा वर्षे लागतात. लग्न आणि बाळंतपण नेमके त्याच वर्षांत येते.

तिसरे कारण वाटणीचे. महिलांना बेकरी, सॅलड, मिठाई असे विभाग दिले जातात. तंदूर आणि गरम भट्टीवरील काम ‘जड’ म्हणून पुरुषांकडे जाते. बढतीच्या वेळी मात्र त्याच कामाचा अनुभव विचारला जातो.

कायदा काय सांगतो?

मद्य दिल्या जाणाऱ्या ठिकाणी महिलांना कामावर ठेवण्यास बंदी घालणारी पंजाब अबकारी कायद्यातील तरतूद दिल्लीत लागू होती. २००७ मध्ये ‘अनुज गर्ग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. संरक्षणाच्या नावाखाली रोजगार नाकारता येणार नाही, सुरक्षितता पुरवणे हे व्यवस्थेचे काम आहे, असा या निकालाचा रोख होता.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीने काम करण्याची मुभा दिली. मात्र सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहतुकीची सोय करणे मालकावर बंधनकारक केले. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरोधातील अंतर्गत समितीही लागते. छोट्या उपाहारगृहातील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

खाऊगल्लीतील विक्रेतीसाठीही तरतूद आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एकतृतीयांश महिला हव्यात.

चित्र बदलते आहे का?

मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांनी पत्रकारिता सोडून पॅरिसमध्ये पाककलेचे शिक्षण घेतले. त्यांच्या बँकॉकमधील ‘गा’ या रेस्तराँला २०१८ मध्ये मिशेलिन तारा मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०२३ च्या अखेरीस दुसरा ताराही मिळाला. मूळच्या कोलकात्याच्या अस्मा खान यांनी २०१७ मध्ये लंडनमध्ये ‘दार्जिलिंग एक्स्प्रेस’ सुरू केले. तिथल्या भटारखान्यात महिलाच आहेत आणि त्या घरी स्वयंपाक करत शिकलेल्या आहेत. उतरंड चढण्याऐवजी या दोघींनी स्वतःचे रेस्तराँ काढले. मालकी हाती असली की कामाच्या वेळा आणि माणसे ठरवण्याचा अधिकारही हाती येतो.

पुढे काय?

दादर, डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे आहेत आणि बचत गट सरकारी प्रदर्शनांत जेवणाचे स्टॉल चालवतात. कष्ट महिलांचेच असतात. पण अनेकदा अन्न परवाना, गाळ्याचा करार आणि बँक खाते घरातल्या पुरुषाच्या नावावर असते. मग कर्जाची पत त्याची तयार होते, तिची नाही. गिरणगावातील खानावळवाल्यांना जे पासबुकामुळे मिळाले, ते आजच्या केंद्रचालिकेला परवाना आणि खाते स्वतःच्या नावावर असेल तरच मिळेल. हॉटेलांत नोकरी करणाऱ्या महिलांसाठी रात्रीची गाडी, पाळणाघर आणि बाळंतपणानंतर त्याच पदावर परत घेण्याची हमी या गोष्टी महिला दिनाच्या सत्कारापेक्षा अधिक उपयोगाच्या ठरतील.