विश्लेषण : नव्या घराचे छप्पर कशाचे? कौले, पत्रा की स्लॅब?

गावाकडे किंवा शहराबाहेरच्या प्लॉटवर घर बांधताना बजेट बहुतेक वेळा जोते, भिंती आणि फरशी यांतच संपत येते. छपराची पाळी येते तेव्हा हाताशी उरलेल्या पैशांत बसेल ते घेतले जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर असंख्य घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली. भिंती शाबूत असूनही घर राहण्यालायक उरले नाही, असा अनुभव अनेकांनी घेतला. म्हणूनच कौले, पत्रा आणि स्लॅब यांतून निवड करताना नेमके काय पाहायचे, ते समजून घेऊ.

छपराचा निर्णय सर्वांत आधी का?

कारण पाया आणि भिंती छपराच्या वजनावर ठरतात. लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस फुटाला साधारण अर्धा किलो, मंगळुरी कौलांचे सुमारे चार किलो आणि पाच इंची स्लॅबचे जवळपास तीस किलो असते. ६०० चौरस फुटांच्या घराचा हिशेब केला तर पत्रे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो भरतात, कौले तीन टनांच्या आसपास जातात आणि स्लॅब सतरा-अठरा टनांचा होतो. वासे, कैच्या किंवा गच्चीवरचा कोबा यांचे वजन वेगळे. ‘आता पत्रा टाकू, पुढे पैसे आले की स्लॅब घालू’ असा विचार असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या वजनाचे करावे लागतात. ते नंतर वाढवणे फार महाग पडते.

वजनाचा दुसरा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळणे, हे त्यामागचे मोठे कारण होते. ती माळवदे उन्हाळ्यात घर थंड ठेवत, हे खरेच. पण वरचे वजन आणि खालच्या भिंतीची ताकद यांचा मेळ नव्हता.

छप्पर ‘उडते’ म्हणजे काय होते?

वारा छपरावरून वेगाने जाताना छपराला वर खेचतो. दारे-खिडक्या उघडल्या किंवा फुटल्या की आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो, म्हणजे चौरस फुटाला साडेचार किलोच्या जवळपास असतो. कौलांचे वजन त्याला कसेबसे तोंड देते. पत्र्याचे वजन मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच. त्यामुळे १० बाय १० फुटांच्या खोलीवरच्या पत्र्याला चार क्विंटलहून अधिक ओढ बसू शकते. ती पेलायची असते स्क्रूंनी, पट्ट्यांनी आणि भिंतीत रोवलेल्या बोल्टांनी. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. कडा, कोपरे आणि आढे येथे ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून छप्पर सुटायला सुरुवात बहुधा तिथूनच होते.

यातून काही साध्या गोष्टी निघतात. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात चांगले टिकते. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवले तर पडवी उडाली तरी घर उघडे पडत नाही. वळचण दीड-दोन फुटांपेक्षा जास्त पुढे काढायची असेल तर तिला खालून आधार हवा.

कौले आजही घ्यावीत का?

मंगळुरी कौले मुळात कर्नाटकातली. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरूत त्यांचा कारखाना सुरू केला आणि पुढे ही कौले कोकण-गोव्यात घरोघरी पोहोचली. नळीच्या कौलांपेक्षा ती एकमेकांत घट्ट बसतात, एक फुटले तर तेवढेच बदलता येते आणि फटींतून गरम हवा बाहेर पडत असल्याने घर थंड राहते. चांगले भाजलेले कौल बोटाने वाजवले तर खणखणीत आवाज येतो, भेगाळलेले किंवा कच्चे असेल तर तो बद्द येतो. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. फूटतूट धरून थोडी जास्त घ्यावीत आणि पुढच्या दुरुस्तीसाठी त्याच बनावटीची शंभरेक बाजूला ठेवावीत.

कौलांना उतार भरपूर लागतो. तीन फूट आडव्या अंतराला सुमारे पावणेदोन फूट चढ द्यावा. उतार कमी ठेवला तर वाऱ्याबरोबर येणारे पाणी कौलाखाली शिरते. खरी अडचण वेगळीच आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला माणसे मिळत नाहीत, चांगले लाकूड महाग झाले आहे आणि वानरांच्या उड्यांनी कौले फुटतात. कोकणात अनेकांनी कौले उतरवून पत्रे घातले, त्यामागे ही तिन्ही कारणे आहेत. ज्यांना कौलेच हवीत त्यांच्यासाठी लाकडाऐवजी लोखंडी चौकट हा मार्ग आहे. किनाऱ्याजवळ तिला गंजरोधक रंगाचे पूर्ण हात द्यावे लागतात. वादळी पट्ट्यात कडेच्या आणि आढ्याजवळच्या रांगा तारेने बांधून घ्याव्यात.

रंगीत पत्रा घेताना काय पाहायचे?

आधी जाडी विचारा. इथेच फसगत होते. ‘पाच एमएम’ असे बोलले जाते, तेव्हा ०.५ मिलिमीटर अभिप्रेत असते. पण ही जाडी नुसत्या पोलादाची (बीएमटी) की मुलामा धरून (टीसीटी), हे कुणी सांगत नाही. मुलामा धरून ०.५० असलेल्या पत्र्यात पोलाद ०.४५ च्या आसपासच असते. दोन दुकानांच्या भावांत फरक दिसला तर तो अनेकदा इथला असतो.

दुसरी गोष्ट मुलाम्याची. साध्या पत्र्यावर फक्त जस्त असते. गॅल्व्हल्यूम प्रकारात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि उरलेल्यात मुख्यतः जस्त असते, त्यामुळे तो गंजाला जास्त काळ तोंड देतो. ‘एझेड १५०’ याचा अर्थ दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा. वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचा. समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतल्या घरांना ती अनेकदा लागू नसते. अगदी किनाऱ्यालगत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अधिक टिकतो, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यावर झीज सुरू होते.

तिसरी गोष्ट बसवण्याची. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेला बरा, कारण खळग्यातून पाणी वाहते. रबरी वॉशर दबून फाटेल इतका स्क्रू आवळू नये. ग्राइंडरने कापल्यास कडेचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. काम संपल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडाचा किस त्याच दिवशी झाडून काढावा. पत्र्याचे दोन जुने दोष कायम आहेत, पावसाचा आवाज आणि उन्हाळ्यातला ताप. त्यावर खाली उष्णतारोधक थर किंवा सीलिंग आणि आढ्याजवळ हवा जायला झरोका, हा उपाय.

सिमेंटच्या पत्र्याचे काय?

तो स्वस्त आणि न गंजणारा, पण नेहमीच्या करड्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले आहे आणि अनेक देशांत त्यावर बंदी आहे. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर सुरू आहे. धोका मुख्यतः पत्रा कापताना, भोक पाडताना किंवा फोडताना उडणाऱ्या धुळीचा. नव्या घरासाठी तो टाळलेलाच बरा. सिमेंटचाच हवा असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्रे मिळतात, तसे बिलावर लिहून घ्यावे. जुना पत्रा उतरवताना तो फोडू नये. ओला करून, अखंड खाली घ्यावा.

स्लॅब घातला की कायमची काळजी मिटते?

वादळ, वानरे आणि चोर या तिन्हींच्या बाबतीत स्लॅब सर्वांत सुरक्षित. शिवाय वर मजला चढवता येतो. पण गळक्या स्लॅबवर काही वर्षांतच पत्र्याची शेड उभी करावी लागलेली घरे कोकणात जागोजागी दिसतात. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च. बहुतेकदा कारण बांधतानाच्या घाईत असते.

भारतीय मानक आयएस ४५६ नुसार किनारपट्टीच्या हवामानात काँक्रीट किमान एम ३० दर्जाचे आणि सळईवरचे आवरण ४५ मिलिमीटर हवे. प्रत्यक्षात सळ्या अनेकदा फळ्यांवर जवळजवळ टेकलेल्या असतात. खारी, ओली हवा सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात. यावरचा उपाय म्हणजे कव्हर ब्लॉक, आणि तो खर्च अगदी किरकोळ. दुसरी गोष्ट पाणी मारण्याची. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस स्लॅब सतत ओला राहिला पाहिजे. पाण्याला उतार कुठे आणि पाइप किती, हे स्लॅब भरण्याआधी ठरवावे. कोबा पुढे घालायचा असेल तर त्याचे वजनही इंजिनीअरला आधीच सांगावे.

मग कुणी काय निवडावे?

कोकणात, घाटमाथ्यावर पावसाचे पाणी झटपट खाली उतरवणारे उतरते छप्परच मूळ उत्तर आहे. ते कौलांचे असो वा पत्र्याचे. स्लॅब हवाच असेल तर तोही उतरता घालता येतो. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा ऊन मोठा शत्रू आहे. तिथे स्लॅबवर पांढरा चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर वरच्या खोलीतला फरक जाणवतो. उघडा पत्रा तिथे शेवटचा पर्याय ठेवावा. पाणीटंचाईच्या गावात आणखी एक हिशेब करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६०० चौरस फुटांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पावसाचे जवळपास ३९ हजार लिटर पडते. मात्र हे पाणी साठवायचे असेल तर पन्हळ आणि टाकीची जागा नकाशातच दाखवावी.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे?

पत्र्यासाठी पोलादाची जाडी, मुलाम्याचे वजन, पर्लिनमधले अंतर आणि स्क्रूचा प्रकार. कौलांसाठी नग, चौकटीचे माप आणि फुटलेल्या मालाची जबाबदारी कुणाची ते. स्लॅबसाठी काँक्रीटचा दर्जा, सळईचे आवरण, पाणी मारण्याचे दिवस आणि त्याची जबाबदारी. छप्पर भिंतीला कसे जखडणार, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारावा. ठेकेदाराने या गोष्टी लिहून दिल्या की ‘चौरस फुटाला किती’ या एकाच आकड्यावर भाव करावा लागत नाही. आणि दोन कोटेशनांत स्वस्त कोणते, हेही तेव्हाच खरे कळते.