आजार मोठा आहे, पण दिव्यांग पेन्शन मिळेल का? अर्ज टाकण्याआधी हे वाचा



आपल्या हट्टा परिसरात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "घरचा कर्ता माणूस आजारी आहे, डोंग्यावर जाणं बंद झालंय. सरकारकडून काही मिळतं का?" मिळतं. पण बरेच अर्ज पहिल्याच पायरीवर अडकतात. माणूस खोटा असतो म्हणून नाही, अर्जात चुकीची गोष्ट सांगितलेली असते म्हणून. ही पोस्ट त्यासाठीच आहे. थोडी लांब आहे, पण सेव्ह करून ठेवा.

पहिली गोष्ट: आजार वेगळा, दिव्यांगता वेगळी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "गंभीर आजार" लिहिलं म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं, असं होत नाही. कायदा दोन गोष्टी बघतो. तुमची अडचण त्याच्या यादीत बसते का, आणि ती किती टक्के आहे.

हा कायदा म्हणजे २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त ७ प्रकार होते, आता २१ आहेत. आणि नवीन यादीत काही आजार नावानिशी आले, हे आपल्यातल्या पुष्कळांना अजून माहीत नाही:

- सिकलसेल
- थॅलेसेमिया
- हिमोफिलिया (रक्त न थांबण्याचा आजार)
- पार्किन्सन (कंपवात)
- मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मेंदू-मज्जातंतूंचे इतर जुनाट आजार
- मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजत जाणं)
- मानसिक आजार
- कुष्ठरोगातून बरे झालेले, पण हातापायात किंवा डोळ्यांत व्यंग राहिलेले

कॅन्सर, किडनी फेल होणं, हृदयविकार, टीबी, शुगर ही नावं या यादीत नाहीत. पण इथेच थांबू नका. आजार यादीत नसला तरी त्या आजाराने शरीरात जी उणीव ठेवली, ती यादीत असू शकते.

- लकवा मारला आणि एक हात-पाय चालत नाही: चलन दिव्यांगता.
- शुगरमुळे पाय कापावा लागला: चलन दिव्यांगता. शुगरनेच नजर गेली: अंधत्व किंवा अल्पदृष्टी.
- घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलं, बोलता येत नाही: वाचा दिव्यांगता.
- मणक्याचा टीबी बरा झाला, पण पायातली ताकद परत आली नाही: चलन दिव्यांगता.

म्हणून बोर्डासमोर "मला शुगर आहे" एवढंच सांगून भागत नाही. काय करता येत नाही ते सांगा. जाळं ओढता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, डाव्या हाताची मूठ वळत नाही, दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही. आपली माणसं दवाखान्यात संकोचाने "बरं आहे साहेब" म्हणून मोकळी होतात. त्या दिवशी तसं करू नका. वाढवून सांगू नका, लपवूही नका.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगतो

आपल्या भागात हा आजार घराघरात ओळखीचा आहे. देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं तेही आपल्याच राज्यातून, १ जुलै २०२३ ला शहडोलहून. तपासणीचा रिपोर्ट आला की आधी एक बघा: माणूस वाहक आहे की रुग्ण. वाहकाला (एएस) आजार नसतो, त्याला प्रमाणपत्र लागत नाही आणि मिळतही नाही. लग्न जुळवताना मात्र ही माहिती लपवू नये, कारण दोन्हीकडे वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

रुग्णाला (एसएस) मात्र अर्ज करता येतो. दुखण्याचे झटके किती येतात, रक्त किती वेळा चढवावं लागतं, खुबा, डोळे, फुप्फुस यांना काय त्रास झाला, हे सगळं बघून टक्केवारी ठरते. म्हणून रक्त चढवल्याची प्रत्येक चिठ्ठी, भरतीचा प्रत्येक कागद जपून ठेवा. ज्याने डिस्चार्जचे कागद फेकले, त्याने आपलेच टक्के फेकले समजा.

आणखी एक: थंड पाण्यात तासन् तास उभं राहणं आणि प्यायला पाणी कमी पडणं, या दोन्हींनी सिकलसेलचा झटका येऊ शकतो. अशा पोराला हिवाळ्यात पहाटे तलावात उतरवू नका. त्याला काठावरचं काम द्या. मोजमाप, विक्री, हिशेब.

४० टक्क्यांचा उंबरठा

बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. मध्य प्रदेशात ६ वर्षांवरील दिव्यांगांसाठी सामाजिक सुरक्षा पेन्शन आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन १८ ते ७९ वयाच्या, बीपीएल घरातल्या, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्यांसाठी आहे. आपल्या राज्यात या पेन्शनचे महिन्याला ६०० रुपये मिळत आले आहेत. रक्कम लहान आहे, मान्य. पण औषधाचा आणि बसभाड्याचा काही भार त्यातून हलका होतो, आणि तेच प्रमाणपत्र पुढे शाळेत, प्रवासात, नोकरीच्या राखीव जागेत कामी येतं.

अर्ज कसा करायचा

१. "स्वावलंबन" पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरायचा. मोबाईलवर जमत नसेल तर ऑनलाइन सेंटरवर जा. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्हीसाठी हाच अर्ज.

२. लागणारे कागद: आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, उपचाराचे कागद. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, ते आधी बघा. आधारवर एक आणि समग्रमध्ये दुसरं असेल तर पेन्शन तिथेच अडकते.

३. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्यासाठी बालाघाटला, जावं लागतं. बोर्ड ठरलेल्या वारी बसतं, वार विचारूनच निघा. आपल्यातले पुष्कळ जण उपचाराला गोंदिया-नागपूरला जातात. ज्या सरकारी दवाखान्यात त्या आजाराचा उपचार चालू आहे, तिथल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करण्याची सोय नियमात आहे. कार्ड देशभर चालतं.

४. लकव्यासारख्या आजारात लगेच टक्के ठरवत नाहीत. काही महिने उपचार होऊन प्रकृती स्थिर झाली की मोजतात. सुधारणेची आशा असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळतं. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपली की लाभ अडकू शकतो.

५. कार्डाचा रंग बघा. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० किंवा जास्त असेल तर निळं.

६. कार्ड आलं म्हणजे पेन्शन सुरू झाली असं नाही. तिचा अर्ज वेगळा, ग्रामपंचायत किंवा जनपद पंचायतीत. त्यासाठी समग्र आयडी आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. पुष्कळ जण कार्ड पेटीत ठेवून वाट बघत बसतात. अर्ज दिला की पावती घ्याच.

लहान मुलासाठी किंवा स्वतः अर्ज करू न शकणाऱ्या माणसासाठी पालक अर्ज करू शकतात.

नाही म्हटलं तर?

कारण लेखी मागा. प्रमाणपत्र नाकारलं किंवा टक्के कमी दिले असं वाटत असेल, तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. पेन्शनचा अर्ज पडून असेल तर पावतीचा नंबर घेऊन १८१ सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि कुणी दलाल "इतके टक्के करून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका. खोटं प्रमाणपत्र घेणं हा गुन्हा आहे, त्यात कैदही होऊ शकते.

विम्याची गल्लत करू नका

मत्स्य संपदा योजनेच्या सामूहिक विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख रुपये आहेत. हप्ता सरकार भरतं. बँकेच्या २० रुपयांच्या सुरक्षा विम्यात हेच आकडे २ लाख आणि १ लाख. पण हे दोन्ही अपघाताचे विमे आहेत. बुडणं, पडणं, साप चावणं असं काही झालं तर लगेच दवाखान्यात नोंद करा, तीच पुढे पुरावा ठरते. लकवा किंवा सिकलसेलला हा विमा लागू नाही. तिथे प्रमाणपत्राचाच रस्ता.

ज्यांचा आजार यादीत बसत नाही

त्यांच्यासाठी दुसरी दारं आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत भरतीचा उपचार. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). डायलिसिस बीपीएल रुग्णांना राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत. कॅन्सर, किडनी आणि सिकलसेलच्या रुग्णांना उपचारासाठी जाताना रेल्वे तिकिटात सवलत आहे. दवाखान्यातून त्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मागून घ्या.

शेवटी एवढंच. आजारपण काही कुणी हौसेने आणत नाही, आणि हा अर्ज म्हणजे भीक नव्हे. कायद्याने दिलेला हक्क आहे. शेजारच्या घरात कुणी असं पडून असेल तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा. कागद लावायला मदत लागली तर समितीच्या बैठकीला फाइल घेऊन या, आपण मिळून बघू.