पन्नास किलोंचा राखणदार

2018 च्या ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात दोन इटालियन कुत्री दाखल झाली. जात केन कॉर्सो, मालक गोल्फपटू ज्योती रंधावा. काम एकच, टी-1 चा माग काढायचा. ही तीच वाघीण, जिला पुढे सारा देश ‘अवनी’ म्हणून ओळखू लागला. दोन वर्षांत 13 माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले होते. पऱ्हाटी फुटायच्या दिवसांत बाया वेचणीला जायला धजत नव्हत्या. वनखात्याने कॅमेरे लावले, ड्रोन उडवले, हत्ती आणले, इतकंच काय, वाघिणीला भुलवायला परदेशी अत्तरही शिंपडून पाहिलं. कुत्र्यांना काही वाघीण सापडली नाही. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीला बळी पडली, त्यात कुत्र्यांचा वाटा नव्हता.

कुत्र्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. चौकीदाराला खोजी म्हणून उभं केलं, तर दुसरं काय होणार?

केन कॉर्सो हा मुळात दक्षिण इटलीतला शेतघराचा राखणदार. धन्याचा वाडा, गुरं, धान्य सांभाळायचं आणि रानडुकराच्या शिकारीत जनावर दाबून धरायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. शेतीत यंत्रं आली, जुनी शेतघरं मोडली, तशी ही जात विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळपास संपली होती. 1970 च्या दशकात काही इटालियन हौशी लोकांनी खेड्यापाड्यांतून उरलीसुरली कुत्री शोधून तिला पुन्हा उभं केलं. आज नर खांद्याशी 64 ते 68 सेंटीमीटर उंच आणि 45 ते 50 किलो वजनाचा भरतो. ओळखीच्या चार माणसांवर जीव टाकणारा, परक्याला जोखत राहणारा असा त्याचा स्वभाव आहे.

माग काढणाऱ्या कुत्र्याची घडणच निराळी. वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठी देशभरातल्या वनखात्यांकडे जी कुत्री आहेत, त्यातली बरीचशी जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉइस आहेत. त्यातली काही ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात, त्यांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसोबत कित्येक महिने शिकून तयार होतात. कर्नाटकातल्या बंदीपूरचा ‘राणा’ हा जर्मन शेफर्ड अशाच कामातून नावारूपाला आला. या कामात कुत्रा आणि माणूस ही एक जोडी असते, आणि जंगल त्यांच्या रोजच्या पायाखालचं असतं. पाहुणा म्हणून आलेल्या कुत्र्याला ही सोय नसते, मग तो कितीही दांडगा असो.

अवनीच्या त्या मोहिमेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ताडोब्याहून आणलेला एक हत्ती तळावरून सुटला आणि चहांद गावात एका बाईचा जीव गेला. हत्ती कुठे आणि कुत्रा कुठे, असं कुणी म्हणेल. पण ताकदीचं जनावर नवख्या मुलखात आणलं, की त्याच्या स्वभावाइतकंच महत्त्व त्याच्या बंदोबस्ताला येतं, हे दोघांनाही लागू आहे.

आता अशी कुत्री हौसेने पाळली जातात. फार्महाऊसच्या फाटकावर मोठा जबडा दिसला की चोर फिरकत नाही, हा हिशेब. हिशेब चुकीचा नाही, अर्धवट आहे. केन कॉर्सोला राखण शिकवावी लागत नाही, ती त्याच्या रक्तातच असते. शिकवायचं असतं ते कुठे गप्प बसायचं. पोस्टमन, दूधवाला, शेजारची पोरं, बैलगाडी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, हे सारं रोजचंच आहे, हे त्याला पिल्लू असतानाच कळलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून साडेतीन-चार महिन्यांपर्यंतचा काळ यासाठी सोन्याचा. या वयात जे पाहिलं, हुंगलं, ते आपलं. जे राहून गेलं, त्याचा संशय पुढे जन्मभर. म्हणून पिल्लाला उचलून बाजाराच्या दिवशी लांबून गर्दी दाखवावी, निरनिराळ्या माणसांच्या हातून खाऊ द्यावा.

फाटकावरचा धडा तर रोज गिरवावा असा. पिल्लाला पट्टा लावून फाटकापासून दहा-पंधरा पावलांवर एक पोतं अंथरायचं. घरातल्याच कुणी बाहेर जाऊन कडी वाजवायची. पिल्लू एकदा भुंकलं तर भुंकू द्यायचं, ते त्याचं कामच आहे. मग ‘बस्’ म्हणून पोत्यावर न्यायचं, बसलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. उठून धावलं तर ओरडायचं नाही, फाटक बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर हे चुकवलं नाही, तर कडी वाजल्यावर पिल्लू आपण होऊन पोत्याकडे वळतं. तोंडाला मुसकं घालायची सवयही याच वयात, मुसक्यात खाऊ ठेवून लावावी. मोठेपणी दवाखान्यात नेताना तीच कामी येते.

मारझोडीने हा कुत्रा शिकत नाही. एक तर तो भितो आणि भित्रा राखणदार सर्वांत धोक्याचा, नाही तर तो उलटतो. दिवसभर साखळीला बांधून रात्री मोकळं सोडणं ही आपल्याकडची सर्रास चाल. त्याने कुत्रा तिखट होतो म्हणतात. खरं तर तो चिडका होतो. घरच्या माणसांत वावरला, तरच घर कुणाचं आणि परका कोण, हे त्याला उमगतं.

यवतमाळचं हवामान ही वेगळीच परीक्षा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. आखूड नाकाडाच्या, जड अंगाच्या कुत्र्याला धाप टाकून अंग थंड करणं अवघड जातं. फिरणं उजाडायच्या आधी, दुपारी सावलीत ओली फरशी आणि भरपूर पाणी, एवढं तरी हवंच. धापा टाकत लडखडू लागला, तर अंगावर पाणी ओतून थेट दवाखाना गाठावा. जेवण दोन वेळा विभागून द्यावं आणि त्यानंतर धावपळ टाळावी, कारण छातीने खोल असलेल्या या जातींत पोट फुगून जठराला पीळ पडतो आणि काही तासांत कुत्रा हातचा जातो. सांध्यांसाठी पहिलं दीड वर्ष उड्या, जिने, सक्तीची धाव नको. रेबीजची लस सर्वांना ठाऊक असते, डिस्टेंपरची राहून जाते. अवनीची मोहीम चालू होती त्याच सुमारास गीरमध्ये सिंह दगावत होते, आणि त्यांच्यात कुत्र्यांच्या याच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणून टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्याने तरी ही लस टाळू नये.

वाघ-बिबट्यापासून हा कुत्रा वाचवेल, हाही गैरसमज. बिबट्या कुत्र्यालाच सावज समजतो. रोही आणि डुकरांपायी जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्यासोबत गावठी कुत्रा असतो, तो वेळेवर भुंकतो आणि वेळेवर मागे सरतो. या कामाला तो इटालियनापेक्षा सरस आहे, आणि ऊनही त्याला सोसतं.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सोसह 23 जातींवर बंदी आणणारं परिपत्रक काढलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. पण मालकाची जबाबदारी कुणी रद्द केलेली नाही. जनावराबाबत हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकणंही नियमाबाहेर आहे. त्यामुळे असं पिल्लू घ्यायचंच असेल, तर आधी पुरुषभर उंचीचं कुंपण पूर्ण करा, पिल्लाची आई स्वतः पाहून या, आणि रोज दोन तास कोण देणार ते घरात ठरवून टाका.