धावत्या गाडीतले भजन

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या इमारतींत शेजारी कोण राहतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तरीही तिथल्या चाकरमान्यांनी लोकल गाडीतच देऊळ मांडले. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. हाती टाळ, मुखी अभंग. साहेब आणि शिपाई एका तालात गातात. दसऱ्याच्या सुमारास डबा सजवून पूजा करतात. कोणी चार दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी होते. भक्ती याहून वेगळी काय असते?

आपल्याकडे देऊळ आहे, पार आहे. पण कित्येक गावांत बांधाच्या भांडणापायी टाळ खुंटीलाच राहतात. येत्या एकादशीला, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी जा. म्हणा, "चला भाऊ, भजनाला." पहिला टाळ त्याच्याच हाती द्या.