यंत्राची निद्रा

इ. स. २०१३ मध्यें निघालेला 'बीगलबोन ब्लॅक' हा चिमुकला संगणक लिनक्सवर चालतो. त्यास निजविणें म्हणजे वीज तोडणें नव्हे. 'मेम' ही आज्ञा होतांच चालू कामें गोठतात, मग एकेक उपकरण थांबतें, अखेरीस मुख्य प्रक्रियक विसांवतो. स्मृतीला मात्र थोडी वीज लागतेच. ती स्वतःलाच उजाळा देत राहते, म्हणून अर्धवट काम जेथल्या तेथें सांपडतें. पहारा करावयास कॉर्टेक्स-एम३ हा धाकटा प्रक्रियक असतो.

खरी मेख जागें होण्यांत आहे. कोणत्या खुणेनें उठावें हें न ठरवितां दूरच्या धरणावरील यंत्र निजविलें, तर तें कुंभकर्णासही लाजवील आणि कोणाला तरी तेथवर पायपीट घडेल! उठविणाऱ्या उपकरणास 'एनेबल्ड' अशी परवानगी आधीं द्यावी लागते. प्रथम घरींच दहा मिनिटांच्या गजरानें परीक्षा घ्यावी, हें बरें.