‘गॅस झालाय’ म्हणून झोपू नका



रात्री छातीत दाब आला की आपण म्हणतो, ‘गॅस झालाय’, आणि सोडा पिऊन झोपतो. कधी तो गॅस नसतो.

१९९० मध्ये भारतातल्या शंभर मृत्यूंपैकी सुमारे १५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत. २०१६ मध्ये हे प्रमाण २८ वर गेलं. कारणं घरातलीच आहेत: बीपी, मधुमेह, तंबाखू, जास्तीचं मीठ, बैठं काम. बीपी दुखत नाही, म्हणून आपण मोजत नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजा.

छातीतला दाब हातात किंवा जबड्यात उतरला, दरदरून घाम फुटला, तर लगेच १०८ ला फोन करा. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की हृदयाचा स्नायू मरू लागतो. तो सकाळपर्यंत थांबत नाही.