संशोधनासाठी नियंत्रित पदार्थांची आयात : आधी पदार्थाचा वर्ग ओळखा

सिल्वासा आणि दादरा येथील औषधकारखान्यांत वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळीचा दर्जा तपासायचा, तर तिच्यातील द्रव्याचा शुद्ध नमुना प्रयोगशाळेत हाताशी असावा लागतो. ‘रेफरन्स स्टँडर्ड’ या नावाने ओळखला जाणारा हा नमुना अनेकदा परदेशातून मागवला जातो. तो असतो जेमतेम काही मिलिग्रॅमचा. परंतु द्रव्य अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतील असेल, तर मात्रा अल्प आहे एवढ्याने परवानगीची अट गळून पडत नाही. शहरात आता वैद्यकीय महाविद्यालयही असल्याने हा प्रश्न केवळ कारखान्यांपुरता राहिलेला नाही.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ८ अमली द्रव्यांच्या व्यवहारास सरसकट मनाई करते. अपवाद वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांचा, तोही विहित परवान्याच्या मर्यादेत. येथे शब्दांचा एक घोटाळा अर्जदाराला हमखास अडवतो. बोलताना आपण अशा सर्वच द्रव्यांना ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणतो. कायद्यात मात्र ही संज्ञा अमली द्रव्ये तयार करण्यासाठी वापरता येतील अशा अधिसूचित रसायनांसाठी राखीव आहे. उदाहरणार्थ ॲसेटिक अनहायड्राइड, एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन. मॉर्फिन हे गुंगीकारक औषधिद्रव्य, तर डायझेपाम आणि केटामाइन हे मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ. वर्ग बदलला की कागदपत्रेही बदलतात.

पहिल्या वर्गातील रसायनांना २०१३ चा नियमन आदेश लागू होतो. त्यातील आयात-अनुसूचीत नाव असलेल्या रसायनासाठी माल येण्यापूर्वी नार्कोटिक्स आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. उरलेल्या दोन वर्गांसाठी आयात प्रमाणपत्र लागते. तेही हेच आयुक्त देतात आणि त्यांचे मुख्यालय ग्वाल्हेर येथे आहे. प्रमाणपत्र प्रत्येक खेपेसाठी स्वतंत्र असते. गुंगीकारक द्रव्य असेल तर अर्जासोबत राज्य शासनाचा उत्पादन शुल्क परवानाही जोडावा लागतो. म्हणजे ग्वाल्हेरला जाणाऱ्या कागदाची सुरुवात स्थानिक पातळीवरच होते. अनेकांना हे उशिरा कळते. ज्या द्रव्यांवर सर्वसाधारण बंदी आहे, त्यांच्यासाठी नियमावलीच्या ‘सात-अ’ प्रकरणात शासकीय प्रयोगशाळा आणि संशोधन संस्था यांच्या वैज्ञानिक व विश्लेषणविषयक गरजांपुरती वाट ठेवलेली आहे.

एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी, याचे उत्तर १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात सापडते. प्रत्येक देश आपल्या वैद्यकीय व वैज्ञानिक गरजेचा वार्षिक अंदाज व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाला कळवतो. आयात करणाऱ्या देशाची परवानगी पाहिल्यावरच निर्यात करणारा देश आपली परवानगी देतो. तिच्यात द्रव्याचे नाव, मात्रा, दोन्ही पक्षांची नावे व पत्ते आणि मुदत नोंदवलेली असते. टपाल-पेटीच्या पत्त्यावर असा माल पाठवण्यासही या कराराने मनाई आहे. त्यामुळे विद्यापीठाचे नाव एका कागदावर आणि विभागाचे दुसऱ्यावर, अशी वरवर क्षुल्लक वाटणारी तफावतही खेप अडवू शकते.

आयात प्रमाणपत्र हाती आले म्हणजे सारे संपले, असेही नाही. कलम ८० नुसार एनडीपीएस कायदा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारा नाही. चाचणी वा संशोधनासाठी औषध आयात करताना केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची परवानगी लागते का, हे वेगळे तपासावे लागते.

दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. नियंत्रित पदार्थांविषयीच्या आदेशाचा भंग झाल्यास कलम २५-अ अन्वये दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कारणे नमूद करून न्यायालय याहून अधिक दंडही करू शकते. शिवाय कलम ३५ प्रमाणे आरोपीची दोषी मनोवृत्ती गृहीत धरली जाते. ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो.

म्हणून मागणी नोंदवण्याच्या दिवशी अनुसूची पुन्हा पाहावी, जुन्या फाइलवर विसंबू नये. ट्रॅमाडॉल हे सर्रास वापरातले वेदनाशामक एप्रिल २०१८ मध्ये या कायद्याखाली आले. त्याआधीच्या खेपेची कागदपत्रे त्यानंतरच्या खेपेला उपयोगी पडणारी नव्हती.